नानांसाठी वाचनयंत्र

नानांची नजर जायला लागली तेव्हा मी त्यांच्यासाठी ई-रीडर निवडायला बसलो, आणि माझी निवड पक्की होईपर्यंत नजर जवळजवळ जाऊन मोकळी झाली.

टावर चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी जूनमध्येच स्पष्ट सांगितलं होतं. मधली नजर जाणार, कडेची तेवढी राहणार, यावर औषध नाही, पाच-सहा महिने हातात आहेत. नाना, म्हणजे माझे वडील, जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आले. दुसऱ्या कुठल्या तरी प्रदेशाबद्दल चाललंय अशा शांतपणे त्यांनी ते ऐकून घेतलं. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "नर्मदेचं पुस्तक एकदा वाचून घेतो, म्हणजे झालं."

नर्मदेचं पुस्तक म्हणजे कुणा विस्मरणात गेलेल्या गृहस्थांनी नदीच्या काठाने पायी केलेल्या प्रवासाची हकीकत. छपाई मुंगीएवढी, कागद पापडासारखा. नानांनी ते नऊ वेळा वाचलेलं. आता दहाव्यांदा, आणि शेवटचं.

खरं तर फ्रीगंजच्या बाजारातून एक चांगलं भिंग आणून दिलं असतं तर महिन्याभरात काम झालं असतं. पण घरातला वाचणारा माणूस मी! (माझ्याकडे पुस्तकांची तीन कपाटं आहेत, आणि पाहुण्यांना ती दाखवण्याची एक ठरलेली पद्धतही आहे.) मी म्हटलं, "नाना, अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल असं यंत्र आणतो. पण ते तुमच्या वाचनाच्या सवयींना साजेसं हवं. तुमच्या सवयी काय आहेत?"

"मी वाचतो," नाना म्हणाले. "हीच सवय."

"तसं नाही. पडून की बसून? पान कसं उलटता?"

"थुंकी लावून."

मी तक्ता केला. वजन, पडद्याचा आकार, उजेड पिवळा की पांढरा, बटणं हवीत की नकोत. जुलै उजेडात गेला, ऑगस्ट बटणांत. आई रोज दोनदा टोकायची, "अरे, यंत्र बघून राहिलायस की मुलगी? जल्दी कर बाबा! काल यांनी दोरीवरच्या माझ्या साडीला सांगितलं, चहा ठेव. आणि वरून रागावले, उत्तर का देत नाही म्हणून!"

पाणी लागलं तरी चालणारं एक यंत्र होतं. "नाना काय क्षिप्रेत डुबक्या मारताना वाचणार आहेत?" असा विनोद करून मी ते खोडलं. (विनोद मला तेव्हा आवडला होता.)

सप्टेंबरात कळलं की नर्मदेचं पुस्तक कुठल्याही यंत्रासाठी मिळतच नाही. हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. मग मी एकेक पान डाव्या हाताने दाबून धरून उजव्या हाताने मोबाइलवर सगळ्या पुस्तकाचे फोटो काढले.

यंत्र आलं ते नेमकं खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे पाटीवर सरस्वती काढून तिच्यापुढे पुस्तकं पूजेला मांडतात, आणि दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत घरात कुणी अक्षर वाचायचं नाही. मी फोटो यंत्रात भरले. नाना दोन्ही हात पुढे करून बसले होते. आईने मधल्या मधे यंत्र उचललं.

"आई, हे पुस्तक नाहीये!"

"यात पुस्तक आहे की नाही?"

"आहे, पण..."

"मग!"

"राहू दे रे," नाना म्हणाले. "एका दिवसाने काय होतंय?"

आईने यंत्र पाटीला टेकवून उलटं उभं केलं, चार्जिंगचं भोक वर. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रामघाटावरून आणलेलं क्षिप्रेचं पाणी फुलाने तीनदा शिंपडलं. नवी वस्तू म्हणून चौथ्यांदाही. दसऱ्याला पूजा उचलली तेव्हा पडद्यावर गुलाबी धुकं होतं आणि यंत्र हलवलं की शहाळ्यासारखं वाजत होतं!

फ्रीगंजातल्या दुरुस्तीवाल्याने ते उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "भिया, ये मशीन है कि दुल्हन?"

यंत्र परत आलं तोवर दिवाळी होऊन गेली होती. नानांनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेतून पडद्याकडे पाहिलं. मी अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. शेवटी पडद्यावर तीन शब्द उरले.

"हे खाली काळं काय आहे?"

"माझा अंगठा. फोटोत आलाय."

"आणि मधलं?"

मध्ये काळं काहीच नव्हतं, नुसते शब्द होते. मी उगाच पडदा बाहीने पुसला.

"अच्छा," नाना म्हणाले. "म्हणजे खालचं तुझं आणि मधलं माझं." आणि यंत्र त्यांनी उशाशी पालथं ठेवून दिलं, अगदी अलगद, परक्याची वस्तू ठेवावी तसं.

मग मीच वाचून दाखवायला घेतलं. मी चांगलं वाचतो (हे माझं मत). फक्त मधे मधे जरा बोलतो. "इथे गृहस्थांनी थाप मारलीय हं, नाना." "ही उपमा तेव्हासुद्धा शिळी होती." "एका दिवसात एवढं चालणं शक्यच नाही." चार दिवसांत नऊ पानं झाली. चौथ्या दिवशी नाना म्हणाले, "तू वाचत नाहीस रे. तपासतोस."

पाचव्या दिवशी नानांच्या खोलीत गेलो तर माझ्या खुर्चीत दुबेजी! खालच्या मजल्यावर राहतात, रेल्वेत गार्ड होते. इतकी वर्षं आमच्या शेजारी राहून मराठीचा गंध नाही. पण लिपी तीच. डोळ्यांजवळ पुस्तक धरून, स्टेशनांची नावं वाचावीत तसे ते खणखणीत, सपाट आवाजात वाचत होते. प्रत्येक 'ळ' चा 'ल' होत होता.

"दुबेजी, आपको कुछ समझ में आ रहा है?"

"एक अक्षर नहीं, भिया!" ते आनंदाने म्हणाले. "मास्साब को आ रहा है ना. अपना काम तो गाड़ी आगे बढ़ाना है."

आणि गाडी पुढे जात होती. त्या एका सकाळी बावीस पानं झाली. नाना डोळे मिटून पडले होते. दुबेजी अडखळले की पुढचा शब्द नानांच्या तोंडून आधीच बाहेर पडायचा. एका ठिकाणी तर ते हसले. जूननंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात दुबेजींनी एक वाक्य असं काही भलतीकडे तोडलं की अर्थ उताणा पडला. मी दारातूनच "दुबेजी..." म्हणून तोंड उघडलं.

"दारात कोण आहे?" नानांनी विचारलं.

"मी, नाना."

"बोलायचं असेल तर बाहेर. ऐकायचं असेल तर बस."

मी बसलो. पुढच्याच ओळीत दुबेजींनी तीन चुका केल्या. मी गप्प. त्यानंतरच्या ओळीत चौथी. मी पलंगाची कड घट्ट धरली, आणि गप्प.

"शाबास," नाना म्हणाले.

"अरे मास्साब, आप भी!" दुबेजी लाजले.

नाना ते नक्की कुणाला म्हणाले, हे मला अजून माहीत नाही. विचारायचं तर बोलावं लागलं असतं.