यंदा उतारा काय, बाई?

एप्रिलमधल्या एका सकाळी फोन वाजला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. हात पिठाचे, त्यात ऊन चढायला लागलेलं, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर श्रावणी होती. "मॅडम, बप्पा गेले..." एवढंच म्हणाली आणि पुढं नुसते हुंदके ऐकू आले. रात्री जेवून झोपलेले तिचे आजोबा, सोपानबप्पा, सकाळी उठलेच नाहीत. पापडांवर कावळे आले, पण त्यांना हाकलायचंही मला सुचलं नाही.

चारच दिवसांपूर्वी ते मला भूमच्या आठवडी बाजारात भेटले होते. कलिंगडवाल्याशी घासाघीस चालली होती. मला पाहताच त्याला तसाच सोडून माझ्याकडं आले आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "काय बाई, यंदा उतारा काय?" मी म्हटलं, "अहो बप्पा, दहावीचा निकाल तर लागू द्या." त्यावर म्हणाले, "निकालाचं कोण इचारतंय? म्या उतारा इचारला." मीही नेहमीसारखं उत्तर दिलं, "तुमच्या खव्यापेक्षा बरा आहे." ते मोठ्यानं हसले आणि परत कलिंगडाकडं गेले. आमची शेवटची भेट ती एवढीच.

मी भूममधल्या एका लहानशा शाळेची मुख्याध्यापिका. माहेर तुळजापूरचं, घर शिक्षकांचं, त्यामुळं बोलायला मीही काही कमी नाही. तरी बप्पांपुढं माझा आवाज चढायला जरा वेळ लागायचा. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणतात. गावात असे बप्पा पुष्कळ, पण बाजारपेठेत नुसतं 'बप्पा' म्हटलं की बहुतेकांना हेच आठवायचे. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, आणि चार गल्ल्या ओलांडून जाईल असा आवाज. त्यांची खव्याची भट्टी होती. कुणी दूध घेऊन आलं की बप्पा त्याच्या तोंडावर भरवसा ठेवत नसत. त्यातलं लिटरभर दूध एका छोट्या लोखंडी कढईत आटवायचे, मागं उरलेला खवा तोलायचे आणि मग भाव ठरवायचे. त्याला ते उतारा म्हणत. दुधाचं सोडा, जगातल्या कुठल्याही गोष्टीचं मोल त्यांच्या लेखी याच मापानं ठरायचं. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणायचे, "दूध लई, उतारा न्हाय." गॅदरिंगमधल्या माझ्या भाषणावरही त्यांनी हाच शेरा मारला होता, तोही सगळ्या पालकांच्या देखत.

करोनाच्या त्या वर्षी शाळा बंद झाल्या. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची, विनाअनुदानित, भाड्याच्या इमारतीत भरणारी. सरकारचा पैसा येत नाही. पालकांच्या फीतूनच शिक्षकांचे पगार आणि इमारतीचं भाडं भागतं. वर्ग बंद झाले आणि फी आटली. शिक्षक घरच्या भिंतीला फळा टेकवून मोबाइलवरून शिकवत होते, पण त्यांच्या हातात पगार पडत नव्हता. गणिताचे जाधव सर सकाळी तास घ्यायचे आणि दुपारी हातगाड्यावर भाजी विकायचे. त्यांच्याकडून मेथीची जुडी घेताना माझी मान वर होत नसे. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत शाळेला कायमचं कुलूप लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी मी पालकांच्या ग्रुपवर फीबद्दल संदेश टाकला, अगदी शब्द तोलूनमापून.

मोहोळच उठलं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच बप्पांचा. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून ते बोलून पाठवायचे. "बाई, भट्टी बंद ठिवायची अन् गिऱ्हाइकाला म्हणायचं, खव्याचं पैसं दे. हे कोणच्या गावचं? शाळा बंद तर फी बंद!" हे वाक्य गावभर फिरलं. मला राग आला, पण त्यांची बाजू खोटी होती असं आजही म्हणणार नाही. लग्नं बंद, मिठाईची दुकानं बंद, पुण्याला जाणारा खवा थांबलेला. दूध मात्र रोज येतच होतं, म्हशीला कुठली टाळेबंदी? ज्याच्या घरात आवक नाही, तो फीच्या नावानं ओरडणारच.

एका दुपारी बप्पा दहावीस पालकांना घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, पण आवाज काही रुमालानं अडत नव्हता. मी सांगत होते की तास रोज होतात, शिक्षक राबतायत. बप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"तुमी ऑनलाइन शिकवताव म्हणताव ना? मग उतारा काढू."

"म्हणजे?"

"एक लेकरू हुबं करू. काय शिकलंय ते इचारू. मागं जेवढं उरलं आसंल, तेवढी फी देऊ. बोला!"

लोकांनी माना डोलावल्या. माझंही डोकं तापलं होतं. "करा उभं," मी म्हटलं, "आणि तुमच्याच घरचं करा."

श्रावणी त्यांच्या मागंच उभी होती. तेव्हा ती पाचवीत होती. मुलगा आणि सून कामासाठी पुण्यात, म्हणून ही आजीआजोबांजवळ वाढत होती. जाधव सरांनी तिला अपूर्णांकांची एक सोपी बेरीज विचारली. ती फ्रॉकचं टोक पिळत राहिली. "सांग की गं!" बप्पा म्हणाले. ती आणखी मागं सरकली. "आगं सांग की, घाबरतीस काय?" तिचे डोळे भरून आले आणि ती कशीबशी म्हणाली, "मला न्हाय येत... मोबाईल बप्पापशी आस्तो. भट्टीवर."

घरात इंटरनेटचा फोन एकच, आणि तो दिवसभर बप्पांच्या खिशात. आमच्या तासाची लिंक रोज त्याच फोनवर जायची. बप्पांना ती कसली तरी जाहिरात वाटायची आणि ते रोज न चुकता ती पुसून टाकायचे. लेकरू घरात पुस्तक उघडून वाट बघत बसायचं.

"बप्पा," मी म्हटलं, "लेकरू म्हणजे दूध नव्हे, असं चारचौघांत आटवायला." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून नातीचं तोंड पुसलं, तिला मोटारसायकलवर बसवलं आणि निघून गेले. मागचे लोकही पांगले. वादात मी जिंकले होते, पण मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. फी तर आलीच नव्हती, वर एक पोर रडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बप्पा एकटेच आले. खुर्ची लांब ओढून बसले.

"बाई, जाळच लावला न्हाय तर दूध आटंल कसं? चूक माझी हाय. पर आर्धी तुमचीबी हाय. कुणाच्या घरी फोन हाय, कुणाच्या न्हाय, हे तुमी इचारलं व्हतं का?"

"विचारलं होतं. तुमच्या घरी आहे, असं श्रावणीच्या आजीनं सांगितलं होतं."

बप्पांना हसू फुटलं. "मग तिला आता काय बोलावं?" त्या सगळ्या दिवसांत मी पहिल्यांदा कुणाला हसताना पाहत होते. मलाही हसू आलं.

मग ते मुद्द्यावर आले. भट्टीच्या मागं त्यांची लांबलचक पत्र्याची शेड होती. खवाच जात नव्हता तर ती रिकामीच पडलेली. साथ जरा ओसरली की ज्यांच्याकडं फोन नाही अशी थोडी थोडी पोरं तिथं लांब लांब बसवायची आणि आमच्या शिक्षकांनी तिथं जायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि फी? "फीबी आटवू," ते म्हणाले. चष्मा लावून त्यांनी मला एकेक बाब वाचायला लावली. गाडीचे पैसे. "गाडी कुठं पळतीय? पाणी हाय, काढा." गॅदरिंगचे. "पाणी." खेळाचे, सहलीचे... सगळं त्यांनी आटवलं. शिक्षकांच्या पगाराशी आले तेव्हा मी हात आडवा घातला. "हा खवा आहे बप्पा. याला धक्का लावायचा नाही." बप्पांनी चष्मा काढला. "न्हाय लावत," म्हणाले. "पर मग हे समद्यांनी द्यायचं. हप्त्यानं द्या, पर द्या. म्या सांगतो त्यास्नी."

आणि खरंच सांगितलं. ज्या लोकांना घेऊन ते फाटकाशी आले होते, त्यांच्याच दारांत जाऊन उभे राहिले. ते काही सोपं नव्हतं. 'बप्पा मॅडमला फितूर झाले' असं लोक तोंडावर म्हणाले. हा शब्द त्यांना लागला होता, कारण पुढं कितीतरी दिवस ते चौकातल्या हॉटेलात चहाला गेले नाहीत. पण उत्तर त्यांचं ठरलेलं. "शाळा बंद व्हती तवर म्याच म्हणत व्हतो, फी बंद. आता शाळा चालू हाय, माझ्या शेडात. या बघायला!" लोक बघायला यायचे, आणि बघून गेले की बहुतेक जण थोडे थोडे पैसे द्यायचे. सगळ्यांनी दिले असं नाही. काही घरं खरोखरच मोडकळीला आली होती. अशा घराबद्दल बप्पा मला बाजूला घेऊन सांगायचे, "तितं मागू नका बाई. पर त्यांच्या पोरीला मागं बसवू नका." हे वाक्य मी विसरले नाही, आणि माझ्या शाळेत कुणाला विसरूही दिलेलं नाही.

शेडातली शाळा म्हणजे एक मजाच होती. धुराचा आणि उकळत्या दुधाचा वास, पत्र्यावर तापलेलं ऊन, आणि उतारा काढायची ती छोटी कढई खडू ठेवायला विटेवर मांडलेली. बप्पांना गप्प बसणं जमायचं नाही. जाधव सर शिकवत असताना हे मागून ओरडायचे, "जरा मोठ्यानं बोला सर, हितवर यीना!" एकदा सरांनी वैतागून त्यांना चक्क बाहेर काढलं. बप्पा बाहेर गेले खरे, पण पत्र्याला कान लावून उभे राहिले. पुढं ती त्यांची जागाच झाली. सरांना आधी अर्धा, मग पुरा पगार मिळायला लागला आणि त्यांचा भाजीचा गाडा बंद झाला. आमच्या शाळेला कुलूप लागलं नाही. आज ती उभी आहे त्यात ह्या भांडखोर माणसाचा वाटा फार मोठा आहे, हे मला जाहीरपणे सांगायचं होतं... त्यांच्यासमोर सांगायला हवं होतं खरं, पण समोर आले की आमचं भांडणच व्हायचं.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर दर जूनमध्ये पहिल्या दिवशी फी भरायला पहिले बप्पा यायचे. पहिल्या गिऱ्हाइकानं सरळ भाव दिला की मागचे फार ताणत नाहीत, असा त्यांचा हिशेब. सोबत शिक्षकांसाठी खवा, आणि तोच प्रश्न. उतारा काय? मी एकदाही सरळ उत्तर दिलं नाही.

श्रावणी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. आता अकरावीला धाराशिवला जाणार. निकालाच्या दिवशी पाया पडायला आली, पण गुणांबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, सुट्टीत मी शेडात पोरं घेते. भट्टीवरच्या बायांची अन् आमच्या गल्लीतली. एकदा उतारा बघायला याल का?" हे विचारताना तिच्या आवाजाला बप्पांचीच धार आली. मी येते म्हणून मान हलवली.

काल मी तिथं जाऊन आले. शेड तशीच आहे. विटेवर तीच कढई, तिच्यात खडू. पोरं पोत्यांवर बसलेली. श्रावणीनं एका लहानग्या मुलीला अर्धा आणि पाव मिळून किती, असं विचारलं. मुलगी अडली. मला पाहून जास्तच बिचकली असावी, फ्रॉकचं टोक पिळायला लागली. मागं भांडी घासणारी तिची आई तिथूनच म्हणाली, "आगं सांग की! मॅडम आल्यात!" श्रावणीनं तिला हातानंच थांबवलं. मग उठून त्या मुलीशेजारी पोत्यावर जाऊन बसली. नुसती बसून राहिली. शेडात भट्टीच्या जाळाचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, "पाऊण... पाऊण किलो." पोरं हसली, तीही हसली.

मी पत्र्याच्या बाहेर, बप्पा उभे राहायचे त्या जागेकडं पाहिलं. चांगला आहे बप्पा. यंदा उतारा चांगला आहे.