आनेकलचे दार आणि जावक क्रमांक

बेंगळुरूच्या स्थानकावर मी उतरलो तो संतापलेल्या अवस्थेतच. डब्यातील पंखा मिरजेपासून बंद होता आणि तक्रारीचा मसुदा खिशात तयार होता. न्यायालयाच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाने मुकाट्याने घाम पुसत बसावे, असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही.

भाची वसुधा न्यायला आली होती. ती प्रसूतिसेवेची प्राध्यापिका. बाळंतपणात बाईजवळ तिचे स्वतःचे माणूस असले तर तिचा त्रास कमी होतो का, हे तिच्या संशोधनाचे सूत्र. आनेकलच्या एका रुग्णालयाने मोठ्या मिनतवारीने परवानगी दिली होती आणि आज पहिली बाई दाखल झाली होती. आज गोंधळ झाला तर परवानगी रद्द, असे वरिष्ठांनी बजावले होते.

"मामा, तुम्ही नुसतं बसायचं. पत्र लिहायचं नाही."

"तोंडी हरकत घेतलेली चालेल?"

"तीही नाही."

कोरमंगलाच्या चौकात आमची मोटार अडकली. मागचा रिक्षावाला "स्वल्प (थोडे) पुढे घ्या" म्हणून हात हलवत होता. पुढे बस उभी होती. मी काच खाली करून त्याला रस्त्यावरील हक्क समजावून सांगितले. त्याने "सरी, सरी" (बरं, बरं) म्हणून पुन्हा हात हलवला.

शहर मागे पडल्यावर कारखाने आणि नाचणीची शेते आळीपाळीने दिसू लागली. आनेकलच्या खानावळीत मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) पानात आला. तो चावायचा नसतो, गिळायचा असतो, म्हणे. मी चावला. शेजारचे गिऱ्हाईक हळहळले.

प्रसूतिगृहाच्या दाराशी मंजप्पा नावाचा रखवालदार होता. आत रेणुका, कपड्यांच्या कारखान्यातील कामगार, पहिलटकरीण. बाहेर तिची आई तानूबाई, निपाणीकडची, बोचके घेऊन उभी. वसुधाने परवानगीपत्र दाखवले. मंजप्पाने "सरी, सरी" म्हणत कडी काढली. मी सवयीने चष्मा चढवला.

"यावर जावक क्रमांकच नाही."

कडी पुन्हा बसली. "नंबर इल्ला (नाही)?" मंजप्पाने पत्र उलटसुलट करून पाहिले.

आतून रेणुकाने "आई गं!" म्हणून हाक मारली.

"अण्णा, लेक आत एकटी हाय," तानूबाई माझ्याकडे वळली. "तुमचा नंबर काय पोराच्या कपाळाला चिकटवायचाय?"

"मामा!" वसुधा म्हणाली. एवढेच.

मी वहीतला कागद फाडून पेनासह मंजप्पापुढे धरला आणि ठणकावून हिंदीत सांगितले, "हरकत नाही. नकार लेखी द्या. नाव, हुद्दा, कारण आणि खाली सही."

मंजप्पा पेनापासून मागे सरला. "सही बेड, सार (सही नको)!" त्याने दार सताड उघडले. तानूबाई आत शिरलीसुद्धा. माझा युक्तिवाद अद्याप शिल्लक होता, परंतु वसुधाने माझी बाही घट्ट धरून ठेवली.

दुपारी तानूबाई बाहेर आली. "नात झाली, अण्णा! बघा की, कळा देताना लेकीनं कसं बोचकारलंय." मनगटावर नखांचे लाल वण होते आणि ती ते दागिन्यासारखे मिरवत होती. तिच्यामागून आलेली नर्स पुढच्या बाईच्या सासूला आत बोलवायला नावाने हाका मारू लागली, तेव्हा कुठे वसुधाने माझी बाही सोडली.

परतीच्या गाडीत पंखा चालू होता, त्यामुळे वेळ मोकळा होता. मी रुग्णालयाला सविस्तर पत्र लिहिले: परवानगीपत्रांवर यापुढे जावक क्रमांक न चुकता घालावा, म्हणजे माझ्यासारखा गृहस्थ दाराशी उभा असला, तरीही आई आत जाऊ शकेल.