मान मऊ, बूड कडक

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखात पितळेवर आमच्या दाजींइतकी माया कुणी केली नसेल, आणि पितळेनं कुणाचा इतका छळही केला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. बेळगावच्या कचेरीत कारकून, नंदगडजवळ थोडी भातशेती आणि घरात परवान्याची एक जुनी रायफल. लढाईमुळे नवी काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरायचा ध्यास त्यांनी घेतला. पण चार वेळा उडाली की पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं वरचं तोंड, कडक होऊन चिरते, म्हणून ती तापवून मऊ करावी लागते. पहिल्या खेपेला दाजींनी सगळ्या पुंगळ्या न्हाणीतल्या बंबाच्या निखाऱ्यांत टाकल्या. मानेबरोबर बूडही मऊ झालं आणि पुंगळी रायफलीत अशी रुतून बसली, की दाजी नळीत गज घालून दुपारभर ठोकत होते. आक्का म्हणाली, "अवो, वरवंटा देऊ काय?"

त्या दिवसापासून 'मान मऊ, बूड कडक' हे दाजींचं ब्रह्मवाक्य झालं. आक्काच्या भाकरीच्या परातीत पाणी घालून पुंगळ्या अर्ध्या बुडवून उभ्या करायच्या, म्हणजे बूड थंड राहतं. भर दुपारी खिडक्या लावून अंधार करायचा, सोनाराच्या फुंकणीनं दिव्याची ज्योत मानेवर धरायची आणि मान जेमतेम लाल दिसली की पुंगळी पाण्यात पाडायची. तोवर घरातल्या भाकऱ्या खोळंबलेल्या. ब्रह्मवाक्य माणसांनाही लागू होतं. पुतणीसाठी निपाणीचं स्थळ आलं, तेव्हा दाजींनी भर बैठकीत मुलाच्या बापाला विचारलं, "पोराची मान मऊ दिसती, पण बूड कडक हाय न्हवं?" सोयरीक तरीही जमली, हे पुतणीचं नशीब.

त्या साली रानडुकरांनी भात लोळवायला सुरुवात केली. वाटेकरी घरी आला नि म्हणाला, "दाजी, आता न्हाय मारलं तर सुगीला इळा न्यायचं कामच न्हाय." आणि नेमक्या तेव्हाच दाजींची विद्या रुसली. तापवलेली प्रत्येक पुंगळी वाया जाऊ लागली. एक तर दाजींच्या तोंडाजवळच फाटली. आक्कानं ठणकावलं, "आता एक जरी फाटली, तर रायफल कचेरीत जमा करायची!" दाजींनी मान डोलावली. रायफल गेली असती तर दाजी अर्धे झाले असते, हे मला ठाऊक होतं.

उरलेल्या पुंगळ्या परातीत उभ्या राहिल्या. मी शेजारीच होतो. आक्का परात मागायला आली नि दारातच थबकली. "अवो, मान कवाची लाल झालीया! दिसत न्हाय काय?" दाजींनी मान मागं घेऊन डोळे बारीक केले. कचेरीतले कागद ते हातभर लांब धरून वाचायचे, पण शिकाऱ्यानं चाळीशी लावायची म्हणजे अब्रूच गेली, अशी त्यांची समजूत. लांबचं डुक्कर लख्ख दिसे, नाकापुढची लाली दिसेना. मला वाटलं, संपली रायफल. पण आक्कानं पदराला हात पुसले आणि परातीशी फतकल मारली. "फुंका. मी सांगते, तवा पाडा."

"पाडा!" की पुंगळी पाण्यात चुर्र. पुन्हा "पाडा!" आक्काच्या डोळ्यांत चुलीपुढची वर्षं होती, एकही पुंगळी बिघडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतातल्या माळ्यावरून एकच बार झाला आणि भला थोरला नर जागीच कोसळला. वाटेकरी नाचत डुकराकडे धावला. दाजी मात्र पुंगळी काढून बोटानं तिची मान चाचपत होते. कुठं चीर नाही! कळप पुन्हा त्या शिवारात फिरकला नाही, भात घरी आलं. लोकांनी दाजींना खांद्यावर घेतलं, तर ते खांद्यावरूनच ओरडले, "रायफल माझी, डोळं हिचं!" दारातली आक्का लाजून आत पळाली. नंतर ती पुंगळी तिनं चिंचेनं घासून फळीवर ठेवली.

आक्का गेली त्याच्या पुढल्या वर्षी दाजींनी परात पुन्हा मांडली. आता नाकावर चाळीशी होती. मान लाल झाली, त्यांना ती दिसतही होती. पण फुंकणी तशीच धरून ते स्वयंपाकघराकडे कान लावून बसले. मला राहवेना. मी हळूच म्हणालो, "दाजी, पाडा."

त्यांनी पुंगळी पाडली. चुर्र आवाज विरेपर्यंत पाण्याकडे बघत राहिले.

"उशीर झाला रं," ते म्हणाले. "ती असती तर कवाच म्हणाली असती."