गुणाबाईची बियाण्याची काकडी

गुणाबाईच्या परसात पाय टाकायची कोणाची हिंमत नव्हती. माणसांपैकी कोणाची, म्हणजे. खारी, वानरं, पोपट आणि घुशी यांना तसं कोणी कळवलेलं नव्हतं, त्यामुळे ते रोज येत.

टोकावड्याजवळच्या गावात धाकलू कुणब्याची ही बायको. तानशाकडून लग्न होऊन आली तेव्हा आईनं तिला दोन लुगडी, एक तांब्या आणि पदराच्या गाठीत काकडीचं बी दिलं होतं. लुगडी विरली, तांब्याला पोचे आले, बी मात्र सतरा वर्षं टिकलं. हातभर लांब, पिवळट पांढरी, देठापर्यंत गोड अशी काकडी पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती. ती कोणाकडे होऊ नये याची काळजी गुणाबाई स्वतः घेत असे. शेजारची धोंडूबाई बी मागायला आली की गुणाबाई तिला रिकाम्या हाती पाठवत नसे. उदार बाई ती. चांगली जून काकडी काढून, चिरून, आतल्या सगळ्या बिया चमच्यानं खरवडून मग हातावर ठेवायची.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात मात्र या उदारपणाची फळं दिसू लागली. आदल्या वर्षी बियाण्याला ठेवलेली काकडी वानरांनी नेली होती. भिंतीला थापलेल्या शेणाच्या गोळ्यात जुन्या पाच बिया तेवढ्या शिल्लक होत्या. त्यातल्या दोन उगवल्या, एक वेल जगला. माहेरी आई राहिली नव्हती आणि भावजय शहापूरच्या बाजारातून पुडीतलं बी आणून लावायची. येत्या माघात लेकीचं, वेणूचं, लग्न ठरलं होतं. आईनं आपल्या पदरात बांधलं ते आपण लेकीच्या पदरात बांधायचं, एवढीच गुणाबाईची हौस. बाकी मानपानाचं ती धाकलूवर सोपवून मोकळी झाली होती.

तेव्हा वेलावरची सगळ्यात देखणी काकडी तिनं बियाण्याला राखली आणि रिवाजाप्रमाणे तिच्या देठाला लाल चिंधी बांधली. चिंधी बांधलेल्या फळाला घरातलं कोणी हात लावत नाही. घरातलं.

मग बंदोबस्त सुरू झाला. बोरीच्या काट्यांचं कुंपण झालं. रॉकेलच्या डब्यात खडे भरून त्याची दोरी थेट चुलीपर्यंत आली. भाकरी थापता थापता गुणाबाई दोरी ओढायची, डबा खडखडायचा, आणि दारात बांधलेली म्हैस दचकून दूध चोरायची. खारी दोन दिवस पळाल्या, तिसऱ्या दिवशी डब्यावर बसून अंग चाटू लागल्या. मग मिरच्यांची धुरी झाली. त्या धुरीनं घरातली सगळी माणसं बाहेर आली, वेलावरची एकही खार हलली नाही. शेवटी धाकलूचा एकुलता एक कोट घालून बुजगावणं उभं राहिलं. ते इतकं हुबेहूब झालं की रस्त्यानं जाणारे त्याला रामराम घालू लागले. धाकलूला इतक्या मानानं कोणी कधी रामराम घातला नव्हता, पण तो काही बोलला नाही. बुजगावण्याशी त्याचं साम्य होतं ते यातच.

गावाबाहेरच्या कातकरवाडीतला सावळ्या एक दिवस गलोल घेऊन आला. दोन दिवस बसू द्या, खारीचं नाव राहणार नाही, म्हणाला. गुणाबाईनं कानाला हात लावले. खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, तिच्या परसात असलं पाप होणार नाही, हे तिनं त्याला सुनावलं. मग जरा आवाज उतरवून सुचवलं, की कुंपणाबाहेर काय घडतं ते काही आपण बघत बसत नाही.

सावळ्यानं थोडा विचार केला. "पन बाय," तो म्हणाला, "काकडी आत हाय ना."

कातकरवाडीशी गुणाबाईचा व्यवहार अगदी सरळ होता. अख्खी काकडी नाहीशी झाली की ती कातकऱ्यांनी नेली. खारीनं उष्टावलेली सापडली की ती त्यांना द्यायची. उष्टं घरात चालत नाही, आणि खारीनं तोंड लावलेल्या फळाचं बी उगवत नाही असं तिची आई सांगून गेली होती. म्हणून भाताच्या बेणणीला, तण काढायला, आलेल्या सावळ्याच्या बायकोच्या, गंगीच्या, पाटीत ती असल्या काकड्या वरून सोडायची आणि हात धुऊन टाकायची. पुण्यही जमा होई आणि परसही साफ राही.

गौरी विसर्जनाला सगळ्या बायका ओढ्यावर गेल्या. गुणाबाईनं डब्याची दोरी धाकलूच्या हातात दिली, नजर हलवू नकोस म्हणून दोनदा बजावलं, आणि मागं वळून बघत बघत गेली. परत आली तेव्हा धाकलू दोरी हातात धरून घोरत होता. कोट बुजगावण्याच्या अंगावरून उतरून कुंपणात लोंबत होता. काकडी नव्हती. चिंधीसुद्धा नव्हती.

ती धाकलूवर ओरडली नाही, हे बघून धाकलू घाबरला. वेलाच्या मांडवाच्या मेढीला धरून ती खाली बसली आणि रडली. सतरा वर्षं माहेरचं म्हणून जे काही तिच्याजवळ होतं, ते त्या एका देठाला लटकत होतं. वेणू जवळ येऊन म्हणाली, "जाऊं दे गो आये, पुडीतला बी लावीन." त्यावर तिला आणखीच रडू आलं.

रडून झाल्यावर तिला चोर आठवला. वानर चिंधी कशाला नेईल? ती तडक कातकरवाडीत गेली.

सावळ्याच्या झोपडीसमोर ती थांबली आणि तोंडात आणलेल्या शिव्या तोंडातच राहिल्या. झोपडीच्या शाकारणीवर वेल चढला होता. हातभर लांब, पिवळट पांढऱ्या काकड्या. तिनं मोजल्या नाहीत, पण तिच्या वेलाला कधी एवढ्या लागल्या नव्हत्या. तिनं चोर म्हणून हाक दिली. सावळ्या बाहेर आला, गंगी आली, अर्धी वाडी आली.

"चोरला नाय बाय," गंगी म्हणाली. "तुमीच दिलात. खारीनं खाल्लेल्या. तीन वर्सं लावतो."

आजची काकडी वानरांनी ओढ्यापलीकडच्या उंबरावर बसून खाल्ली, खाली सालं आणि लाल चिंधी पडली आहे, हवं तर बघून या, असं सावळ्यानं सांगितलं. गुणाबाई बघायला गेली नाही. एवढा वेल काही आज दुपारी चोरून उगवत नाही, इतपत शेतकी तिला कळत होती. तरी तिनं अडून बघितलं, की खारीनं उष्टावलेलं बी उगवतंच कसं.

"खार कवळी कशाला खाईल?" सावळ्या म्हणाला. "बी भरला कां मंग तोंड लावते. तुमी दिसाया बरी ती ठेवता. आमी खार बघतो. खारीनं तोंड लावलेल्या बाकी खाल्ल्या, एक बियाण्याला ठेवली हाय."

म्हणजे तीन वर्षं ती आपल्या हातानं सगळ्यात पक्कं बी निवडून कातकरवाडीला पोचवत होती आणि वर हात धूत होती.

मागावं तर लागणारच होतं. तिनं पदर पुढे केला आणि वेणूच्या लग्नाचं सांगितलं. गंगी मेढीवर चढून एक जून, तांबूस काकडी तोडून आली. तिच्या एका कुशीला खारीचे दात लागले होते. ती पदरात टाकण्याआधी गंगी थांबली. गुणाबाईची पद्धत साऱ्या गावाला ठाऊक होती, तेव्हा गंगीनं विचारलं ते अगदी साधेपणानं विचारलं.

"चिरून देऊं बाय, का बियासकट नेता?"

गुणाबाईनं पदर आणखी पुढे केला. "बियासकट दे," ती म्हणाली.

माघात वेणूच्या पदराला गाठ बसली. गाठीतलं बी आजीचं आहे हे आईनं तिला सांगितलं. मग म्हणाली, की पुढं खार तोंड लावेल तीच बियाण्याला ठेव. वेणूला नवल वाटलं. आजी तर उलटं सांगायची, ती म्हणाली.

"आजीला गंगी ठावी नव्हती," गुणाबाई म्हणाली, आणि गाठ पुन्हा एकदा आवळून बघितली.