तांडेलांचा नारळ

आमच्या तांडेलांना बोटीचं नाव काढलं तरी मळमळायचं. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या; आणि आमचे हे गिरगावातले नावाचेच तांडेल मुंज झाल्यावर एकदाच काय ते गलबतात बसले होते, हर्णैहून मुंबईला येताना. त्या प्रवासात पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राच्या स्वाधीन करून ते धक्क्यावर उतरले आणि त्यांनी बोट सोडली ती सोडलीच. पुढे पगडी आली, संसार झाला, मिशा पिकायला लागल्या, पण गावी जायचं म्हटलं की हा माणूस रेल्वेने पुण्याला जाई, तिथून बैलगाडीने घाट उतरून हाडं खिळखिळी करून घेत दापोलीजवळचं गाव गाठी. ज्या गावाला आगबोट सकाळी निघून त्याच दिवशी पोचवते, तिथे हे आठवड्याने पोचत आणि विचारलं तर म्हणत, "घाटात हवा छान असते."

गंमत अशी, की ते बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते. आलेली गलबतं, गेलेली गलबतं, कोणत्या बंदराहून आलं, पोटात माल काय, हे दिवसभर लिहायचं. खिडकीतून डोलकाठ्यांचं रान दिसायचं. कोणत्या गावच्या गलबताचं शीड कसं, पुढची नाळ कशी वळलेली, हे ते नुसत्या नजरेने सांगत. समुद्रावर त्यांचा राग मुळीच नव्हता. उलट प्रेमच होतं, फक्त लांबून. त्या प्रेमातूनच त्यांना लाकडाच्या हातभर बोटी करायचा नाद लागला, आणि एकट्याने नाद करणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे तो आम्हा सगळ्यांना लागला.

मी त्यांच्याच चाळीत राहत होतो. नुकता नोकरीला लागलेला, संध्याकाळी करायला काही नाही, असा सापडलेला माणूस त्यांनी कसा सोडावा? महिन्याभरात माझ्या खोलीत पांगाऱ्याच्या लाकडाच्या ढलप्या पडू लागल्या आणि माझ्या आईने तांडेलांचं नाव घेणं टाकलं.

दर नारळी पौर्णिमेला सकाळी गिरगावातल्या देवळामागच्या तलावावर या बोटींची शर्यत होई. आता तो तलाव बुजवला आहे. तिथून जाताना मी अजून उगाच कडेने चालतो. शर्यतीचे नियम तांडेलांनी केलेले. बोट वर्षभरात स्वतःच्या हाताने केलेली हवी. शीड जुन्या धोतराचं चालेल, पण ते स्वतः शिवलेलं हवं. आणि मुख्य म्हणजे, बोटीने एक अख्खा सोललेला नारळ वाऱ्याच्या जोरावर अलीकडच्या घाटावरून पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत न्यायचा. नारळ बांधायचा नाही, चिकटवायचा नाही. शिवाय घरचा नारळ चालत नसे. देवळातल्या टोपलीतून ऐनवेळी ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा, म्हणजे आधी माप घेऊन खोबण कोरून ठेवायची सोय नाही. आदल्या वर्षी जो जिंकला तो या वर्षी पंच, त्याने बोट सोडायची नाही. पार गेलेल्या सगळ्या नारळांचा नारळीभात व्हायचा आणि तो बुडालेल्यांनीसुद्धा खायचा.

आषाढ लागला की तांडेल आमंत्रणाला निघत. लग्नाला बोलवावं तसं हातात अक्षता घेऊन, उपरणं सावरत, गिरगावातून चालत थेट लालबाग-परळपर्यंत. ट्रामचे घोडे दमतात म्हणून मी चालतो, असं ते सांगत. तिकडे गिरणीत काम करणारी कोकणातली पोरं होती, त्यांच्यातही हा नाद पसरला होता. प्रत्येकाच्या खोलीत जायचं, चहा घ्यायचा, बोट दोन्ही हातांनी उचलायची, तिच्या कुशीवर एक थाप मारायची आणि म्हणायचं, "ही तरेल." बस्स. एवढाच अभिप्राय. बोट एका अंगाला कलती असो, डोलकाठी वाकडी असो, तळाला उजेड दिसत असो, थाप मारून "ही तरेल."

एकदा लालबागेतल्या एका जिन्यावर मी त्यांना अडवलं. आत्ताच पाहिलेली बोट म्हणजे नुसती चाळण होती. मी विचारलं, "तांडेल, ती बुडणार हे तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं की," ते म्हणाले. "पण बुडेल म्हटलं तर तो ती घरी ठेवील. तरेल म्हटलं तर निदान पाण्यात घालील. पाण्यात घातल्याशिवाय त्याला तरी कसं कळायचं?"

मला त्या माणसाचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि लगेच दुसरा विचार आला की माझ्याही बोटीला ते दरसाल हेच म्हणतात.

शर्यतीत भांडणं होतच. याने फुंकर मारली, त्याने काठीने ढकललं, लालबागवाल्यांचं शीड मोठं, गिरगाववाल्यांना तलावाची सवय. तांडेल मध्ये पडत आणि म्हणत, "वारा फुकटचा आहे, त्यावर कसलं भांडता?" भांडण तिथे थांबायचं असं नाही, पण आवाज खाली यायचा. स्वतःच्या बोटीकडे मात्र त्यांना लक्ष द्यायला वेळ नसे. पंचाने रुमाल टाकला, की त्यांच्या हातात हमखास दुसऱ्याचं शीड असे, कोणाची तरी दोरी ते आवळत असत. मग सगळ्यांच्या मागून आपली बोट सोडायची, आणि मधोमध गेली की नारळ गडगडायचा, बोट आडवी व्हायची. दरवर्षी. इतक्या वर्षांत तांडेलांचा नारळ एकदाही पार गेला नव्हता.

आणि इथेच घोडं अडलं होतं. पहिल्या वर्षी कोणीतरी त्यांची थट्टा केली होती, की तांडेल म्हणवता आणि घाटाने गावी जाता. त्यावर चारचौघांत ते बोलून गेले, "माझा नारळ ज्या वर्षी पार जाईल, त्या वर्षी मी आगबोटीने हर्णैला जाईन." हसण्यावारी गेलेली गोष्ट, पण शब्द तो शब्द. तो मोडायचा नाही, आणि नारळ पार जात नाही तोवर बोटीत बसायचंही नाही, अशी त्यांची फार सोयीची अडचण झाली होती. ते मुद्दाम हरतात असा चाळीतल्या काही जणांचा संशय होता. मी त्यांच्या शेजारी बसून लाकूड तासलेलं आहे. ते जीव ओतून बोट करत. पण ती बुडाली की त्यांचा चेहरा पडायचा आणि खांदेही सैल व्हायचे, हे खरं आहे.

या अडचणीची झळ लागत होती ती काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला. काकूंचं माहेर हर्णैचं. घाटाचा प्रवास एवढा लांबचा की लग्नानंतर त्या मोजक्या वेळा माहेरी गेल्या होत्या. बोटीने सोबत मिळाली असती, पण नवऱ्याने बैलगाडीत धक्के खायचे आणि आपण बोटीतून मिरवत जायचं, हे त्यांना पटत नव्हतं. आणि आता त्यांची आई थकली होती. त्या पावसाळ्यात कोकणातून आलेल्या कोणाकडून तरी निरोप आला, की म्हातारी अंथरुणाला खिळली आहे आणि लेकीचं नाव घेते आहे. घाटरस्ता पावसाने बंद. समुद्र बंद. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होणार. त्या संध्याकाळी मी तांडेलांकडे डोलकाठी धरून बसलो होतो. काकू दारात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, आई आता फार वाट पाहायची नाही."

तांडेलांनी मान वर केली नाही. तासत राहिले. शेवटी म्हणाले, "या वर्षी जाईल पार."

त्या वर्षीचा पंच होता लालबागेचा भिकाजी, मालवणकडचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांचा मुकादम. घाटावर सगळ्या बोटी ओळीने मांडल्या होत्या, टोपलीतले नारळ वाटले गेले होते. तांडेलांनी आपली बोट काढायला गाठोडं सोडलं, तर बोटीत काहीतरी हिरवं. जुन्या लुगड्याचा काठ पिळून केलेली वाटीएवढी चुंबळ. डोक्यावर घागर घेताना बायका ठेवतात, तशीच, पण लहान. आम्ही इतकी वर्षं नाळ घासली, सुकाणू बदललं, तळाला शिसं ओतलं. नारळ गडगडतो तर त्याला बूड द्यावं हे एकालाही सुचलं नव्हतं. बोट सुबक करण्याच्या नादात आम्ही नारळ विसरलो होतो.

तांडेलांनी ती चुंबळ उचलली आणि स्वतःहून भिकाजीपुढे धरली. "ही घरातून आली आहे. नारळ बांधायचा नाही असा नियम आहे आणि तो मीच केलाय. बसत नसेल तर काढून ठेवतो."

पलीकडच्या पायऱ्यांवर बायका उभ्या होत्या, त्यांत काकूही होत्या. भिकाजीने चुंबळ घेतली, उलटीसुलटी केली, नारळ तिच्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाला, "तांडेलानू, ह्यां बांदलेलां नाय, ठेवलेलां आसा. बायलो घागर काय डोक्याक बांदून हाडतत?"

सगळा घाट हसला. तांडेल हसले नाहीत. त्यांना हवं होतं ते मिळालं की नको होतं ते, हे त्यांच्या तोंडावरून काही समजेना.

रुमाल पडला. तांडेल सवयीप्रमाणे परळच्या एका पोराच्या शिडाची गाठ मारत होते. आमच्या बोटी पुढे निघाल्या. माझी सगळ्यांत पुढे होती, हे मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मग तांडेलांनी आपली बोट पाण्यावर ठेवली, तिला थाप मारली, पण "ही तरेल" काही म्हणाले नाहीत. आम्ही मध्यावर पोचलो आणि श्रावणातली ती एक सर आली, वारा घेऊन. माझा नारळ डावीकडे गेला, मग उजवीकडे, आणि बोटीला घेऊन खाली गेला. त्यामागे दुसरी, तिसरी. तलावभर नुसते नारळ तरंगू लागले. आणि त्या गर्दीतून, धोतराचं शीड पोटभर फुगवून, वाट काढत ती एकटी बोट येत होती. नारळ जागचा हलत नव्हता. आम्ही ज्यांच्या बोटी बुडाल्या होत्या ते सगळे काठाने धावत सुटलो, गिरगाव-लालबाग एकत्र, गळे फाटेपर्यंत ओरडत. कोणी ओरडायला सांगितलं नव्हतं. बोट पायरीला टेकली तेव्हा काकू गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि पदराखाली घेतला.

त्या वर्षी पार गेलेला नारळ एकच, म्हणून नारळीभात अगदी चमचा चमचा वाट्याला आला. इतका गोड नारळीभात मी पुन्हा खाल्लेला नाही.

बोटी सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे पहाटे भाऊच्या धक्क्यावर हजर होतो. भिकाजी पाळी बदलून आला होता. आगबोट थोडी आत उभी होती आणि पायरीशी एक होडी डुलत होती, तीतून उतारू तिथवर न्यायचे. पुढचं सांगून टाकतो: काकूंना आई भेटली, पुरते दोन महिने भेटली. तांडेल जाताना आणि येताना दोन्ही वेळा गळून गेले आणि दोन्ही वेळा म्हणाले की समुद्रात हवा छान असते. पेन्शन घेतल्यावर ते हर्णैलाच जाऊन राहिले आणि तिकडच्या खाडीत त्यांनी पुन्हा अक्षता वाटल्या. इथली शर्यत मी आणि भिकाजीने पुष्कळ वर्षं चालवली. आज तांडेलही नाहीत आणि भिकाजीही नाही. माझ्या फळीवर माझी त्या वर्षीची बुडालेली बोट आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

पण तांडेल म्हटलं की मला ती पहाटच दिसते. ते शेवटच्या पायरीवर उभे होते. पगडीखाली घाम, काखेत आपली बोट, पाय काही उचलेना. होडी लाटेबरोबर पायरीपासून लांब जाई आणि जवळ येई. खलाशी घाई करत होता. काकू आधीच होडीत जाऊन बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग वाकून होडीच्या फळीवर एक थाप मारली.

"ही तरेल," त्या म्हणाल्या.

त्या दोन शब्दांवर किती भरवसा ठेवायचा, हे साऱ्या मुंबईत तांडेलांइतकं कोणाला ठाऊक होतं? ते खळखळून हसले आणि होडीत चढले.