फट न ठेवणारा मुकादम

सामान हलवणाऱ्या कंपनीत मुकादम होता तो. लोकांच्या घरातलं सामान बांधायचं, ट्रकात भरायचं आणि दुसऱ्या गावी नेऊन उतरवायचं, यात बावीस वर्षं गेली. हाताखाली सहा हमाल. आरसा कसा उभा करायचा, कपाट दारातून कसं काढायचं, सगळं तोंडपाठ. आधी टेप लावून दार मोजल्याशिवाय फ्रिजला हात लावू द्यायचा नाही. आणि दिवसभर एकच पालुपद, "फट ठेवू नका रे! फट राहिली की माल हलतो, हलला की फुटतो." त्याने भरलेल्या ट्रकात मुंगीलाही शिरायला जागा नसायची.

कुणाच्या घरी गेला की तोंडाचा पट्टा सुरू. "बघा, बघा! माणसं दोन आणि इस्त्र्या तीन. तिसरी काय भिंतीवर फिरवतात?" हमाल एकमेकांकडे बघून हसायचे, कारण मुकादमाच्या घरी चार होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते काही उगाच नाही.

फोनवरून वस्तू मागवायचं व्यसन होतं त्याला. हो, व्यसनच. दारुड्याला निदान दारू तरी हवी असते, याला वस्तूही नको असायची. मागवली की स्वारी खुशीत. "आज निघालं गं", "उद्या पोचतंय गं" म्हणून बायकोचं डोकं खाणार. बेल वाजली की हातातला घास टाकून धावणार. खोकं फाडायचं, वस्तू एकदा चालू करायची, "वा!" म्हणायचं, की फिटली हौस. वस्तू मागच्या खोलीत आणि बोट पुन्हा फोनवर. पाय चोळायचं यंत्र, पाठ चोळायचं यंत्र, टॉवेल वाळत घालायला व्यायामाची सायकल. भाज्या चिरायची यंत्रं तर पाच! बायको आपली साध्या सुरीने चिरायची.

अशात त्याची आक्का जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एकटीच राहायची ती, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाले, "यापुढे जिना बंद. वॉकर घेऊन मोकळं चालता येईल अशी जागा हवी. घरात नसेल, तर वृद्धाश्रम बघा."

"मी जिवंत असताना?" मुकादम उसळला. "आक्का माझ्याकडे येईल. मागची खोली तिची!"

खोटं नव्हतं ते. आईबाप गेले तेव्हा हा सहा वर्षांचा आणि आक्का सोळाची. एका खोलीत तिनेच याला वाढवलं. थंडीत भिंतीकडची ऊबदार जागा याला द्यायची आणि स्वतः दाराशी झोपायची. ते आठवलं की त्याचे डोळे आजही भरून यायचे. डोळे भरायला काय लागतं म्हणा!

आक्का यायला तीन आठवडे हातात होते. बायको म्हणाली, "अहो, निम्मं देऊन टाका कुणाला तरी."

"वेडी का खुळी तू? नवं कोरं सामान!"

मग पसारा आवरायला या शहाण्याने काय करावं? झाकणाचे चाळीस मोठे डबे मागवले! ते आले, भरले, आणि बावीस वर्षांच्या सवयीने छतापर्यंत रचले, एकही फट न ठेवता. पलीकडच्या भिंतीला आक्काचा पलंग, आणि तिथवर जायला एक वाट. त्या वाटेतही मग आक्कासाठी म्हणून मागवलेली शेक द्यायची गादी आली, दिवा आला, फिरती खुर्ची आली. मुकादम अंग चोरून आडवा आत जायचा आणि म्हणायचा, "झाली की नाही ऐसपैस खोली?" लोकांच्या फ्रिजसाठी दारं मोजणाऱ्याने बहिणीसाठी टेप काढली नाही.

आक्का सकाळी आली. वॉकर टेकत टेकत खोलीपर्यंत पोचली. दोन पावलं आत गेली आणि वॉकर डब्यांत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. घामाने डबडबलेली आक्का तशीच उभी राहिली.

"अरे, पलंग कुठाय?"

"आहे ना आक्का, मागे. जरा अंग चोरून आडवी ये."

"मोडलेलं हाड घेऊन आडवी कशी येऊ रे?"

बायकोने पदर खोचला आणि वरचा डबा ओढला. तोच मुकादम ओरडला, "अगं अगं, हळू! तो नको! नाजूक आहे त्यात!"

पाय थरथरत होते बहिणीचे, आणि नाजूक काय, तर डब्यातलं! ओरडून झाल्यावर त्यालाही ते कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो?

"एक दिवस दे आक्का," तो गयावया करू लागला. "सगळं बाहेर काढतो. आईशप्पथ!"

"तीन आठवडे होते की तुझ्याकडे," आक्का म्हणाली. रागावलीसुद्धा नाही. "एवढ्याशा खोलीत आपण दोघं मावलो होतो रे. मी दाराशी झोपायचे. आता दाराशीही जागा नाही." मग भावजयीकडे वळली, "मला सोडव यातून. आणि गाडीवाला गेला नसेल तर थांबव त्याला."

त्याच दुपारी ती वृद्धाश्रमात गेली. मुकादम रडला. दोन दिवस फोनला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी बेल वाजली. आक्काला धरायला म्हणून न्हाणीघरात बसवायचा दांडा आला होता, आधी मागवलेला. बायको म्हणाली, "आता कशाला? परत करा."

"असू दे गं, लागेल कधीतरी." त्याने खोकं फाडलं, दांडा हातात धरून बघितला, हळूच "वा!" म्हणाला. मग तो ठेवायला अंग चोरून आडवा खोलीत शिरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुठेच जागा नव्हती. पलंग तेवढा रिकामा होता. दांडा त्याने पलंगावर ठेवला.

पंधरा दिवसांत पलंगावरही फट उरली नाही.