दोन माद्या

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत दम्याने त्यांना घरी बसवलं. आई आधीच गेली होती. मी पंचवटीतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, दिवसभर बाहेर. त्यांना सोबत म्हणून मी काचेची टाकी आणली आणि त्यांनी स्वतः रिक्षा करून जाऊन तिच्यात दोन एंजल मासे आणले. चपटे, रुपेरी, अंगावर काळे पट्टे, वर-खाली लांब पर. दुकानदाराने सांगितलं होतं, "काका, पक्की जोडी आहे. घरात पिल्लं होतील."

पिल्लं म्हटल्यावर बाबांना दुसरं काही सुचेना.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर दार उघडतानाच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. फिल्टरच्या नळीवर साबुदाण्याहून बारीक अंडी ओळीने चिकटली होती. दोन्ही मासे आळीपाळीने पर हलवून त्यांना वारा घालत होते. बाबांनी टीव्ही लावू दिला नाही, कुकरची शिटी होऊ दिली नाही. पण दोन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडली आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली.

बाबा दुकानात गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं. पुढच्या वेळी अंडी पुन्हा पांढरी. मग हीटर वाढवायला सांगितलं, मग मीठ, मग कसलीशी पावडर. दर वेळी त्याच्याकडे नवीन काहीतरी असायचंच. बाबा धापा टाकत त्या दुकानाच्या पायऱ्या चढायचे आणि परत आले की उत्साहाने सांगायचे, "पाण्याचा दोष आहे म्हणतो. या खेपेला नक्की होतील बघ."

असं ते जाईपर्यंत चाललं. ऐन थंडीत त्यांना दवाखान्यात हलवलं, तेव्हाही नळीवर अंडी होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते मला म्हणाले, "हीटर बंद पडू देऊ नकोस." मी पडू दिला नाही. ते घरी आले नाहीत, आणि अंडी नेहमीसारखीच पांढरी झाली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्या दुकानात गेले. घरी औषधाच्या न फोडलेल्या बाटल्या होत्या, त्या कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात एवढंच मनात होतं. दुकानदाराने मला कधी पाहिलेलं नव्हतं. तो काउंटरवर एका मित्राशी गप्पा मारत होता. मी मागच्या टाक्यांजवळ उभी राहिले.

"अरे, तो दमेकरी म्हातारा येत नाही वाटतं हल्ली?" मित्राने विचारलं.

"गेला असेल." दुकानदार हसला. "काय गिऱ्हाईक होतं! दोन्ही माद्या दिल्या होत्या त्याला. दोघी अंडी घालतात, नर नाहीच, तर पिल्लं येणार कुठून? बिचारा औषधावर औषध नेतोय."

"सांगायचं ना त्याला."

"सांगितलं असतं तर परत आला असता का?"

दोघेही हसले. बाटल्यांची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. मी बाहेर पडले. रामकुंडापर्यंत चालत आले तेव्हा लक्षात आलं, की दातांखाली ओठ चावला गेलाय आणि तोंडात रक्ताची चव आहे. त्या दिवशी ओरडले असते तर तो दोन मिनिटं ओशाळला असता आणि विसरून गेला असता. मला ते नको होतं.

बाबांचे कारखान्यातले एक जुने सहकारी होते. मी त्यांना काकाच म्हणायची. ते स्वतः मासे पाळायचे. भेटायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते टाकीपाशी बराच वेळ वाकून बसले.

"खरंय," ते म्हणाले. "अंडी घालायच्या वेळी पोटाखाली एक नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार. आत्ता दोघींचीही बोथटच दिसतेय. जोडीला नर मिळाला नाही की कधीकधी दोन माद्याच जोडी करतात. एरवी ओळखता येत नाही. पण विकणाऱ्याला कळायला हवं."

"त्याला माहीत होतं."

"मग आता काय करणार?"

"पिल्लं काढणार. इतकी काढणार, की नाशकात एंजलसाठी त्याच्या दारात कुणी जाणार नाही."

काकांना वाटलं मी दुःखाच्या भरात बोलतेय. पण पुढच्या रविवारी त्यांनी एंजलची नाण्याएवढी लहान काही पिल्लं आणून दिली. त्यांना एकत्र वाढवायचं, ती आपापली जोडी निवडतात, असं ते म्हणाले. त्यांची वाढ होईपर्यंत एक वर्ष गेलं. राग टिकेल का, अशी मला धास्ती होती. तो टिकला. शाळेत जाता-येता मी मुद्दाम त्याच्या दुकानावरून जायची. बाहेर रंगीत पाटी होती, 'एंजलची खात्रीची जोडी मिळेल.' ती वाचली की दिवसभराचं बळ यायचं.

दोन मासे इतरांना हाकलून कोपरा अडवू लागले तेव्हा मी त्यांना वेगळं काढलं. महिने गेले, अंडी नाहीत. मासे धडधाकट, खाणंपिणं व्यवस्थित, तरी नाहीत. मग माझ्या डोक्यात आलं, की बाबा टाकीत नळाचं पिण्याचं पाणी भरायचे आणि मी मात्र यांना आमच्या कॉलनीच्या बोअरच्या पाण्यात ठेवलंय, ज्या पाण्यात साबणाला धड फेस येत नाही. वर्गात मुलींना कठीण आणि मृदू पाणी शिकवणारी मी! नळाचं पाणी बादल्यांमध्ये काढून उघडं ठेवायला लागले, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड होतं. त्याची वाळलेली पानं उकळून त्यात घातली, तर पाणी कोऱ्या चहासारखं झालं. हे मासे मुळात अशाच तांबूस, मऊ पाण्यातले, असं काकांनी सांगितलं होतं. थोडंथोडं करून सगळं पाणी बदललं. हीटरचा काटा हळूहळू वर नेला. टाकी दारासमोरून हलवून आतल्या खोलीत नेली, तिच्या तीन बाजूंना खाकी कागद लावला. कोरडं खाणं कमी करून सिमेंटच्या हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून घालू लागले. आणि अंडी चिकटवायला म्हणून शाळेतलीच एक दगडी पाटी कोपऱ्यात तिरकी उभी केली.

आठवडा उलटायच्या आत ते दोघं पाटी घासायला लागले. संध्याकाळी मादी खालून वर सरकत अंडी चिकटवत गेली आणि तिच्या मागोमाग नर, बारीक टोकदार नळीचा. मी जमिनीवर बसून पाहत होते. आनंद वगैरे नव्हता. आता तू बघच, असं मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात म्हणत होते.

सकाळी पाटी स्वच्छ होती. त्यांनीच अंडी खाल्ली होती.

पुढच्या खेपेला मी पाटीच उचलून वेगळ्या बरणीत ठेवली आणि खाली हवेचा दगड सोडला, बुडबुड्यांनी पाणी हलतं राहावं म्हणून. काही अंडी पांढरी पडली. बाकीची मधासारखी नितळ राहिली, मग त्यांत काळे ठिपके दिसले, मग शेपट्या थरथरायला लागल्या. तेव्हा मात्र मी रडले. बाबांनी हे एकदा पाहायला हवं होतं. अर्ध्या तासाचं सुख, आणि त्या माणसाने ते चार बाटल्यांसाठी अडवून धरलं.

पिल्लं वाढली. मी ती फुकट वाटली. शाळेतल्या शिक्षिकांना, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, आणि कुणाकुणाकडून ऐकून येणाऱ्या परक्यांनाही. रविवारी घरी गर्दी व्हायला लागली. पाणी कसं हवं, ऊब किती, पाटी कशी ठेवायची, सगळं सांगायची. आणि प्रत्येकाला विचारायची, "त्या दुकानातून जोडी घेतली होती का? आणा, मी बघून देते." लोक डब्यांतून, पिशव्यांतून मासे आणायचे. ज्यांची ओळखता येईना त्यांना मी परत पाठवायची, अंडी घालताना बघू म्हणायची. खोटं सांगायची गरज नव्हती. खरोखरच खोट्या जोड्या पुष्कळ निघाल्या.

एका रविवारी अशाच तिघांना घेऊन मी दुकानात गेले. तिघांच्या हातात पाण्याच्या पिशव्या होत्या.

"दोन्ही माद्या आहेत," त्यातले बँकेत असलेले गृहस्थ म्हणाले. "तुमची खात्री कुठे गेली?"

"साहेब, माशांचं कुणाला सांगता येतं?" दुकानदार म्हणाला. "पाण्यात दोष असेल."

"पाण्यात नाही," मी म्हणाले. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सांगितलं तर गिऱ्हाईक परत येत नाही, हेही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"दमेकरी म्हाताऱ्याची मुलगी."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. नजर हलवली नाही. दुकानात इतरही लोक होते आणि सगळे ऐकत होते.

पुढच्या काही महिन्यांत दुकानाबाहेरची पाटी निघाली. मग तो एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "ताई, चूक झाली. पिल्लं मला देत चला. धंदा बसलाय हो."

"बाबांना काय सांगू?" मी विचारलं.

"मी माफी मागतो ना."

"ती त्यांच्याकडे मागायची होती. पायऱ्या चढून येत होते ते तुमच्याकडे."

मी दार लावलं. काका त्या वेळी आत बसले होते. म्हणाले, "तुझे वडील असे वागले नसते."

"म्हणून तर त्याने त्यांना फसवलं," मी म्हणाले.

काकांनी चहा अर्धवट ठेवला आणि पुढे बरेच दिवस आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं. दुकानदाराचं वाटलं नाही. खूप प्रयत्न करून पाहिला, अजूनही वाटत नाही.

टाक्या विकून त्याने त्याच गाळ्यात मोबाइलचं दुकान थाटलं. ते बरं चालतं. मी समोरून गेले की तो खाली बघतो. माझ्या घरापासून रिचार्जला तेच सगळ्यात जवळ आहे. मी चौक ओलांडून पलीकडच्या दुकानात जाते.